अफूची दुसरी गोळी आणि वहीवाल्या बाई

उंब्रजला आमच्या दारात त्या दिवशी भर दुपारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात वही, छत्री, पायात चक्क चपला... बेचाळीसच्या धामधुमीनंतरची गोष्ट, मी नऊ वर्षांची.

बाई साताऱ्याच्या, समाजशास्त्र शिकलेल्या. माणसं कशी जगतात, कसली नशा करतात, ते घरोघरी लिहून घ्यायच्या. पण तेव्हा पोलिसांचा जाच असा, की वही दिसली की गाव मुकं. "खबरी आसंल, तोंड उघडू नगासा," अशी तंबीच होती आम्हाला.

आई दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची. निघताना तान्ह्या दगडूला अफूची मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून चाटवायची, की तो संध्याकाळपर्यंत गप. मजुरांच्या घरोघरी तेच चालायचं.

त्या दिवशी सकाळी आई गेली, आजी जळण आणायला गेली आणि दगडू कुरकुरायला लागला. मला सागरगोटे खेळायचे होते (काय सुंदर खेळ हो, आता कुणाला माहीतही नाही, असो). वाटलं, आई गोळी द्यायची विसरली. मीच डबीतली एक काढून त्याला चाटवली...

दुपारी बाई आल्या तेव्हा आजी परतली होती. बाईंनी झोळीत वाकून बघितलं. दगडूचे ओठ निळे पडलेले.

"आजी, काय दिलंय याला?"

"काय बी न्हाई. निजलंय ते. तुमी जावा आता."

म्हणजे आई विसरली नव्हती! बोलले तर आईला पोलीस नेणार, न बोलले तर दगडू...

बाईंनी वही मिटली आणि आजीच्या हातात ठेवली. कितीतरी महिन्यांची मेहनत होती ती. म्हणाल्या, "हवं तर चुलीत घाला ही. पण लेकरू जातंय, आजी."

"दोन!" मी ओरडले. "एक आईनं, एक मी..."

बाई दगडूला उचलून मोठ्या सडकेकडे धावल्या, मागून आजी आणि मी. कराडकडे जाणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार हात करून थांबवली. वाटभर बाई त्याच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या. आजी माझ्याकडे बघतही नव्हती.

डॉक्टरांनी किती वेळ झटापट केली देव जाणे. उन्हं उतरली तेव्हा दगडू एकदाचा रडला. "रड मुडद्या, रड!" म्हणत आजी स्वतःच हमसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाई वही न्यायला आल्या. आईला एवढंच विचारलं, "रानात बाळाला बघायला कुणी असतं, तर गोळी दिली असती?"

"आवं बाई, कुनाला हौस हाय व्हय?"

ते त्यांनी लिहून घेतलं. पुढं तोच प्रश्न घेऊन बाई सांगलीपर्यंत हिंडल्या, बागायतदारांशी भांडल्या. आमच्याकडच्या रानात आंब्याखाली झोळ्या बांधून घेतल्या, आणि राखायला कोण? आमची आजी!

अफू सोडा म्हणून दरडावणारे बरेच आले. बाईंनी आईला दोष दिला नाही, मलाही नाही. दिला असता, तर ती दुपार मी जन्मभर उरावर घेऊन फिरले असते...

परवा आमचा दगडू पणजोबा झाला. बाई, तुम्ही होतात म्हणून.