पूर्वेची दारं

शिरीष गेल्याचं मंजिरी वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी डब्लिनच्या सँट्री भागातल्या फ्लॅटमध्ये भांडी घासत होतो. दोन हजार एकवीसचा जानेवारी होता, शिरीष राहायचा त्या लिमरिकमध्ये कोविड घरोघर शिरला होता. अंत्यसंस्काराला दहाच माणसं चालणार होती, त्यात माझा नंबर लागला नाही. कॉलेजपासूनचा मित्र मी लॅपटॉपवर पोचवला. संताप आला... पण काढणार कुणावर?

शिरीष पुण्याचा, स्ट्रक्चरल इंजिनीअर, फटकळ आणि महाहट्टी. काश्मीरच्या सीमेवर भूकंप झाला तेव्हा नोकरीत रजा टाकून तो एका संस्थेबरोबर घरं बांधायला गेला. लाकडी सांगाडा आणि मधे दगडमाती, ही तिथलीच जुनी पद्धत त्यानं शिकून घेतली. पुन्हा धक्का बसला तरी भिंती उभ्या राहतील, याची खात्री करून घेतली. दारं मात्र आपल्याकडच्यासारखी पूर्वेला काढली. सकाळचं ऊन घरात यावं, एवढाच विचार. नियंत्रणरेषा तिथं वाकडी वळते आणि पलीकडची चौकी नेमकी पूर्वेच्या डोंगरावर, म्हणजे दारं थेट तिच्या माऱ्यात. तेव्हा गोळीबार थांबलेला होता आणि बर्फाआधी छप्पर मिळतंय म्हणून कुणी काही बोललं नाही.

काही वर्षांनी गोळीबार पुन्हा सुरू झाला. तिथले सुतार बशीरभाई यांची बायको हाजरा स्वतःच्या घराच्या दारातच गोळा लागून गेली. शिरीष तोवर लिमरिकला आला होता. बातमी कळल्यापासून कुठल्याही घराचं काम घेतलं की तो आधी दारापाशी अडायचा. आयरिश मालक म्हणायचा, "ग्रँड, चालेल, तुम्ही ठेवाल तिथं." शिरीष नकाशा गुंडाळून ठेवायचा आणि मालकाला रिकाम्या प्लॉटवर उभं करून विचारायचा, "इथून बाहेर पडलात की समोर काय?" ऑफिसात हसायचे. मीही चिडवायचो. एकदाच म्हणाला, "भूकंपातून वाचलेली बाई रे ती. मी मारली."

मग त्यानं ठरवलं, तिकडे जायचं, ती दारं बुजवायची आणि मागच्या अंगाला नवी काढायची. दोन हजार वीसच्या उन्हाळ्याचं तिकीटही काढलं. विमानंच बंद झाली. "अरे, बशीरभाईंना फोन तरी कर," मी कितीदा म्हटलं. नंबर होता त्याच्याकडे. "कुठल्या तोंडानं करू?" म्हणायचा.

मार्चमध्ये वहिनींकडून नंबर घेऊन मीच फोन लावला. शिरीष गेल्याचं बशीरभाईंना सांगितलं. मग मी चाचरत दारांचं विचारलं.

"ती तर हाजरा गेली त्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांनी मिळून मागे काढली," ते हिंदीत म्हणाले. "गोळा काय साहेबांनी टाकला होता? घरं चांगली आहेत त्यांची. हे त्यांना सांगायचं होतं, पण आमच्याकडे त्यांचा नंबर नव्हता. म्हटलं, करतील कधीतरी फोन..."

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "काय म्हणाले? रागावलेत का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "घरं चांगली आहेत म्हणाले."

ते फोनची वाट बघत होते, हे काही मला सांगवलं नाही.