वाफेविरुद्धचं माझं पत्रक

शहराच्या वाफेच्या कारखान्याविरुद्ध पत्रक मी लिहिलं आणि ते मीच मागे घेतलं. मधल्या काळात कारखान्याच्या कंपनीने ते माझ्यापेक्षा जास्त वाटलं.

पत्रकं लिहायला मी नागपुरात शिकले, चौदा एप्रिलच्या जयंतीआधी चौकात उभं राहून ती वाटता वाटता. पहिल्या ओळीत शत्रू, शेवटच्या ओळीत मागणी, एवढंच त्यांचं शास्त्र. शिकायला अमेरिकेत आले तेव्हा शत्रू शोधायला लांब जावं लागलं नाही. हिवाळ्यात भर रस्त्यावर मॅनहोलांतून पांढरे लोट निघायचे, नदीकाठी कारखान्याचं धुराडं. मी लिहिलं, 'रस्त्यांतून विष निघतंय! वाफ बंद करा!' लायब्ररीत जाऊन चार पानं वाचता आली असती. पण उद्गारचिन्ह आधी सुचलं.

आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर अमरावतीकडचे एक काका राहायचे. त्याच कारखान्यात बॉयलर सांभाळून रिटायर झालेले. पत्रक घेऊन ते खाली माझ्या दारात आले.

"काहून वं पोरी, विष कोणी सांगितलं तुला?"

"दिसतंय की, काका."

"बर्फाचं पाणी गरम पाइपावर पडते, त्याची वाफ आहे ते. भातावरचं झाकण उघडलं की पोलीस बोलावते का तू?"

मग तासभर माझी शाळा. घोडागाड्यांच्या काळात कारखाना उभा राहिला. एका जागी पाणी उकळायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून वाफ इस्पितळात, कोर्टात, आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगांत खोल्या तापवायला पाठवायची. घरोघरी भट्टी नको. "माझ्या वेळेस कोळसा होता. रुमालात खोकलं की काळं यायचं. आताबी धूर चिमणीतूनच निघते. ते लिही ना! चिमणीवर तू एकच ओळ टाकली, तीबी शेवटी."

मी ऐकलं आणि काहीच केलं नाही. छापलेलं परत कोण छापणार?

पुढच्या शरद ऋतूत कंपनीची नोटीस आली. आमच्या भागातली जुनी वाफेची लाइन बंद होणार, 'नागरिकांच्या मागणीनुसार'. मागणी म्हणून सोबत माझं पत्रक जोडलेलं, गुळगुळीत कागदावर, उद्गारचिन्हांसकट. डाउनटाउनच्या काचेच्या टॉवरांची वाफ मात्र चालू राहणार होती. तिथले पाइप नवे. आमच्या घरमालकाला विचारलं, हीटर बसवणार का? म्हणाला, बघू. बिल्डिंगमध्ये निम्मे म्हातारे, आणि बाहेर उणे वीसची थंडी यायची होती.

सिटी कौन्सिलच्या सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटं. मी कंपनीवर आग ओकायचा बेत केला होता. काका म्हणाले, "आधी आपली चूक कबूल कर. नाहीतर तुझंच पत्रक तुझ्या तोंडावर फडकवतील."

"मग चळवळीत माझी काय इज्जत राहील?"

"इथं माझी हाडं राहायची नाहीत आणि तू इज्जत घेऊन बसली!"

माझी पाळी आली तशी मी उठले. म्हटलं, "हे पत्रक माझं. मॅनहोलमधल्या विषाबद्दल ते साफ चूक आहे. चिमणीबद्दल बरोबर आहे. कंपनीने नेमकं चुकीचं तेवढं उचललं."

कंपनीचा वकील गोड हसला. "पण बंद करा, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तुमच्याकडे एवढे इंजिनियर असताना तुम्ही माझं ऐकता?"

मागच्या बाकांवरून कोणीतरी खो खो हसलं. मला वाटतं, काकाच.

बिल्डिंगांत दुसरी सोय झाल्याशिवाय लाइन तोडायची नाही, असं ठरलं. विजय वगैरे नाही. पाइप तेच गळके, कंपनी तीच. पण थंडी पडली तेव्हा खोलीतला वाफेचा रेडिएटर ठणठण वाजत होता आणि मी काकांच्या टेबलावर नवं पत्रक लिहीत होते, चिमणीवर. काका चष्मा लावून एकेक उद्गारचिन्ह खोडत होते.

"एवढी कशाला ठेवते? सगळं प्रेशर इथूनच निघून जाते."