मूठभर तांदळाची मंडळी

मंडळीतले किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. गोंदियाच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचं गाडगं असंच भरायचं. स्वयंपाकाआधी प्रत्येक घरी मूठभर तांदूळ घरच्या छोट्या गाडग्यात बाजूला काढायचे, रविवारी ते देवळातल्या मोठ्या गाडग्यात ओतायचे. ज्या घरी अडचण, त्या घरी ते जायचे. गाडगं सांभाळायची माझी बायको, रूथ.

*

एकदा प्रीतिभोजनाला त्यातलेच तांदूळ शिजवले. कुणाचे जाड, कुणाचे बारीक, कुणाचे जुने, कुणाचे नवे! पाळकसाहेब पहिल्याच घासाला थांबले.

"सारूबाई, हा कसला भात?"

सारूबाई मूळची कामठ्याची. वाढता वाढता म्हणाली, "आपली मंडळीच आहे ना साहेब! अर्धी शिजून गळली, अर्धी कच्चीच राहिली!"

*

डॅनियलभाऊ रेल्वेत फिटर. जेवणाआधीची प्रार्थना तो आदामापासून सुरू करायचा. आम्ही नोहापर्यंत पोचेतो वरणावर साय धरायची.

शेवटी सारूबाई डोळे मिटूनच ओरडली, "भाऊ, देवाले ऐकू येऊन राहिलं, पण भात थंडा होऊन राहिला!"

*

आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या रविवारी डॅनियलने सवयीने जुन्याच मंत्र्यांसाठी प्रार्थना केली. पाळकसाहेब खोकले.

डॅनियल म्हणाला, "असू द्या साहेब, त्यायलेही लागते!"

*

मग डॅनियलच्या बकरीने सारूबाईचा वालाचा वेल खाल्ला. मनात राग ठेवून प्रभुभोजनाला बसायचं नाही, असा आमचा नेम. पाळकसाहेबांनी दोघांना पुढे बोलावलं.

सारूबाईने हात पुढे केला. "जा, तुले माफ केलं. बकरीचं मंग पाहू!"

रूथ हसू दाबायला पदरात तोंड लपवून बसली होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

*

रूथ पावसाळ्यात गेली. मी देवळात जात होतो, गाणी म्हणत होतो. प्रार्थना मात्र जमेना. सगळ्यांचे डोळे मिटले की मी खिडकीतून बाहेर बघायचो. घरची चूलही बंदच होती. खानावळीत जेवायचो.

एका रविवारी सारूबाई आणि डॅनियल मंडळीचं गाडगं घेऊन दारात उभे!

मी म्हटलं, "अहो, मी शाळामास्तर, पगारदार माणूस. गरज आहे त्या घरी द्या."

"कृपा फुकट असते म्हणून साहेब दर रविवारी सांगून राहिले," सारूबाई म्हणाली, "अन् तुमचा पगार काऊन आडवा येते?"

तिने सरळ आत जाऊन चूल पेटवली. तांदूळ धुण्याआधी एक मूठ रूथच्या रिकाम्या गाडग्यात टाकली.

पानं मांडली. ज्याच्या घरी जेवण, प्रार्थना त्यानेच करायची, ही मंडळीची रीत. डॅनियल माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, तुमी."

मी डोळे मिटले. शब्दच येईना. दूर यार्डात इंजिन शंटिंग करत होतं, तेही थांबलं. डॅनियल चुळबुळला, भाताबद्दल काहीतरी पुटपुटला.

"गप बस रे," सारूबाई म्हणाली. "होऊ दे थंडा."