उन्हात बसणारी कुत्री

सातवीतच शाळा सुटली आणि करमाळ्याकडचं घर सोडून मी सोलापुरात चादरींच्या कारखान्यावर राखणीला आलो. येताना आमच्या मेंढरांमागच्या कुत्रीचं एक पिल्लू पिशवीत घालून आणलं होतं. इथं माझं म्हणावं असं तेवढंच.

सहा वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, ती जडावली. पोट सुटलं, शेपटीचे केस गेले, हाक मारली तरी उठेना. कामगार हसायचे, "वॉचमन, कुत्री पाळलीस का म्हैस?" मी तिची भाकरी निम्मी केली. बिचारी तोंडाकडं बघत राहायची, पण वजन काही उतरेना.

आईला फोन केला. "म्हातारी झाली आसंल रं. आपल्या कुत्र्यांना कदी दवाखाना दावलाय का?" खरंच होतं. आमच्याकडं डॉक्टर येतो तो मेंढरांसाठी. पण म्हातारी म्हटलं की पुढं काय होतं, ते मी गावाकडं बघितलेलं. मला जेवण जाईना. कारखान्याच्या शेठना सांगितलं, तर त्यांनी लगेच टेम्पो दिला. ते उपकार मी विसरणार नाही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी आधी कातडी तपासली. त्यात किडा नव्हता.

"खाजवते का?"

"न्हाय."

"दिवसभर बसते कुठं?"

"उन्हात."

"एवढ्या उन्हात?"

"व्हय की. आमी सावली हुडकतो, आन ही तापलेल्या फरशीवर जाऊन पडती."

त्यांनी लिहिणं थांबवलं आणि तिच्याकडं नीट बघितलं. म्हणाल्या, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली की अंगात ऊब राहत नाही, कमी खाऊनही वजन वाढतं. "पण अंदाजावर गोळी देणार नाही. दुसऱ्या आजारातही रक्तातला थायरॉईडचा आकडा खाली येतो. दोन तपासण्या करू." रक्त घेताना ती हलली नाही.

दोन्ही तपासण्यांत तेच निघालं, थायरॉईड. रोज गोळी, जन्मभर.

"पर जगंल न्हवं?"

"गोळी चुकवू नका. चांगली जगेल."

दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. "आये, म्हातारी न्हाय झाली, आजारी हाय!"

"आन आजारी हाय म्हणून हसतुयास व्हय रं, येड्या?"

"व्हय."

पलीकडं मेंढरं ओरडत होती. त्यातनंच आई म्हणाली, "दिवाळीला येताना तिलाबी आण. गोळ्या इसरू नगंस."