मागच्या जिन्यावरच्या चपला

"जिथं चप्पल, तिथं मानूस," असं म्हणत काका तुमच्या पायांतल्या चपला जवळजवळ ओढूनच घ्यायचे.

नाशिकला मी ज्या साडीच्या दुकानात सेल्समन होतो, तिथले हे चपला सांभाळणारे काका. मूळचे वणीकडचे. गेल्या वर्षी ते वारले. दुकान पहिल्या मजल्यावर, बसायचं गादीवर, म्हणून चपला बाहेर. गिऱ्हाईक पुढच्या जिन्यानं वर आलं, की काका त्याला बिल्ला द्यायचे आणि चपला उचलून थेट मागच्या जिन्यावर नेऊन ठेवायचे. खरेदी झाली, की उतरायचं मागच्या बोळात.

बायका वैतागायच्या. "आम्ही काय चोर आहोत, मागच्या दारानं जायला?"

"पुढच्या जिन्याखाली विजेचं मीटर हाय, ताई. पेटलं तं काय करशाल? मानूस आला त्याच वाटंनं पळतो, नायतर चपलंकडं पळतो."

आम्ही हसायचो. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो, हे कबूल करतो. पण तुम्हीच आठवून बघा, तुमच्या नेहमीच्या दुकानाला दुसरं दार कुठं आहे, सांगता येईल?

शेवटी शेठनी तंबी दिली, "सोमवारपासून चपला पुढं ठेवा. नाहीतर तुम्ही घरी बसा." काकांनी मान हलवली आणि हातातला जोड मागेच नेला.

त्याच शनिवारी, भर दुपारी, ऐन लग्नसराईत मीटर खरंच पेटलं. पुढच्या जिन्यातून काळा धूर वर आला. वाट कुणालाच सांगावी लागली नाही. सगळी गर्दी बिल्ले हातात धरून मागे धावली आणि आपापला जोड शोधत जिन्याच्या तोंडाशी अडकली. काकांनी दोन्ही हातांनी सगळ्या चपला खाली बोळात लोटून दिल्या. चपलांच्या पाठोपाठ माणसं भराभरा उतरली. शेठ त्यांत बरेच पुढे होते.

बोळात ज्याचं त्याचं पायात घालून झालं, तेव्हा एक जोड उरला. काळ्या पट्ट्यांचा, टाच झिजलेला. तो बघून काकांचा चेहरा उतरला.

"त्या कानानं कमी असलेल्या आजी. एकट्याच आल्या व्हत्या. कोपऱ्यात बसल्या असतील."

मी त्यांचा हात धरला. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर आता आपल्यालाही जावं लागेल अशी भीतीही.

"सोड रं," एवढंच म्हणून ते तोंडाला उपरणं लावून वर गेले. ती दोन-चार मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

काका उतरले ते आजींना खांद्याशी धरून. आजींच्या काखेत एक हिरवी साडी होती आणि त्या कुरकुरत होत्या, "अहो, पण अजून रंग पसंत नाही केला मी."

काका खोकत खोकत पायरीवर टेकले. "समदे आले, शेठ," म्हणाले.

शेठ खाली वाकले आणि तो उरलेला जोड सरळ करून त्यांनी आजींच्या पायांपाशी ठेवला.