शकूअक्काचं जमिनीखालचं गणित

बातमी आली तेव्हा मी मळ्यात वांगी तोडत होतो. इचोड्याच्या टेलिफोन बूथवाल्यानं सायकलवर माणूस पाठवला होता. हैद्राबादच्या दवाखान्यातून फोन आला, तुमची बहीण सकाळी गेली, एवढंच तो म्हणाला. आजार वर्षभराचा होता, डॉक्टरांनी कल्पनाही दिली होती; तरी मी अर्धी भरलेली टोपली पुरती भरली आणि मगच घराकडे निघालो. मायला कसं सांगायचं ते ठरवायला तेवढा वेळ लागला... त्याला आता दीड महिना झाला.

शकुंतला, आमची शकूअक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव तेलुगू मुलखातलं; घरात मराठी, शाळेत तेलुगू. त्यामुळे बोलायची आमच्यासारखी, पण आकडे पुटपुटायची ते तेलुगूत. ऐंशीनंतर ती भूगर्भशास्त्र शिकायला हैद्राबादला निघाली, तेव्हा दगड शिकून पोरीचं काय होणार, असं नातेवाइकांनी बाबांना विचारलं होतं. बाबांनी तिची पेटी स्वतः बसच्या टपावर चढवली. पुढे ती तिकडेच एका संशोधन संस्थेत लागली. लग्नाचा विषय तिनं कधी मिटवून टाकला, ते घरात कुणाला कळलंही नाही. सुरुवातीची काही वर्षं ती विहिरींच्या पाण्यावर काम करत होती, आणि नव्वदनंतर एका अजब विषयात शिरली.

वीजघरांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता जमिनीत कोंडता येईल का, असा तो विषय. फार खोल, वाळूच्या खडकात खारं पाणी भरलेलं असतं; ते ना पिण्याचं ना शेतीच्या कामाचं. त्याच्यावर चिकणमातीच्या घट्ट खडकाचं जाड झाकण. तिथे हा गॅस सोडला तर दहा, शंभर, हजार वर्षांत तो कुठे कुठे सरकेल, हे अक्का कॉम्प्युटरवर मांडायची. प्रत्यक्षात फुगाभर गॅसही कुणी जमिनीत घातलेला नव्हता, सगळं कागदावर. हजार वर्षांनी बघायला कोण येणार, असं मी एकदा हसून विचारलं होतं. ती हसली नाही.

एका वर्षी कापूसवेचणी ऐन भरात असताना ती न कळवताच घरी आली. दोन दिवस मायजवळ बसून भाजीच्या जुड्या बांधत राहिली. तिसऱ्या दिवशी मी मळ्यात काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिनं औषधाची रिकामी बाटली मागितली, पाण्यानं भरली, त्यात थोडं करडीचं तेल घातलं आणि बूच लावून तळहातावर आडवी धरली. तेल वरच्या काचेखाली सारखं पसरलं. खाली आहे ते खारं पाणी, तेल म्हणजे गॅस, काच म्हणजे वरचं झाकण, असं तिनं समजावलं. मग बाटलीचं तोंड बोटभर उचललं. सगळं तेल काचेखालून हळूहळू बुचाकडे गेलं.

"मी खडक सपाट धरला होता, गजू," ती म्हणाली. "तो कलता हाये. आन चढाच्या टोकाले कोळसा शोधतानी मारलेलं जुनं बोर हाये, गॅस त्यातून वर येते. तिथं वस्ती हाये. लोक तिथलंच वरच्या थरातलं गोडं पानी पेतात."

अहवाल पुरा झाला होता. त्यावर साहेबांची सही होती, परदेशातल्या परिषदेत तो वाचायला अक्काच जाणार होती. चूक अजून कुणाच्या नजरेत आली नव्हती. मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातलं माणूस विमानात बसणार, याचा लोभही होता.

"तू नाई सांगितलं तं कोनाले समजते?" मी म्हणालो.

ती बाटलीकडे बघत राहिली. "गॅसले समजते ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं हैद्राबादची बस धरली. साहेब रागावले नाहीत, पण अहवाल परत घेतला गेला, आणि परिषदेला दुसरं कुणी, दुसऱ्या विषयावर गेलं. अक्काला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. तिथे बसून तिनं दोन वर्षं सगळं गणित पुन्हा मांडलं. गॅस उताराच्या खालच्या अंगाला, बोरापासून दूर सोडला, तर वर चढता चढताच तो खाऱ्या पाण्यात विरघळतो; मग ते पाणी जड होतं आणि तळाशी बसतं, असं निघालं. हे तिनं मला पत्रानं कळवलं होतं. एवढं आनंदाचं पत्र तिनं दुसरं लिहिलं नाही... ते नवं गणित कुणी छापलं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर आजारपणच आलं.

गेल्या आठवड्यात बायकोनं स्वयंपाकघरातलं फडताळ आवरायला काढलं. कडेला भोकं असलेले कॉम्प्युटरचे लांब कागद अक्का घरी आणायची, रद्दीतले, आणि माय ते डब्यांखाली अंथरायची. बायको ते बदलू लागली तर माय म्हणाली, "राहू दे." तुरीच्या डब्याखाली आकड्यांच्या रांगाच रांगा होत्या, आणि त्यांवरून पेन्सिलची एक आडवी रेघ. रेघेखाली अक्काच्या अक्षरात मराठीत काही लिहिलेलं. मायला वाचता येत नाही. काय हाये, तिनं विचारलं.

मी वाचलं, "इथं चुकलं. खडकाला उतार आहे."

मायनं डबा जागेवर ठेवला. मग थोडा मागे सरकवला, ती ओळ दिसत राहील एवढा.