शिट्टीवाल्याचे तीन जबाब

वही अजून माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, चाळीस पानी. पहिल्या पानावर माझ्या धाकट्या भावाच्या अक्षरात लिहिलेलं आहे: ‘शिट्टीवाला कुठून आला’. तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि मी चौदा. वडील आदिलाबादला तहसील कचेरीत कारकून होते.

मी मराठी शाळेत शिकले. भावाची वेळ येईपर्यंत नोकऱ्या तेलुगूत आहेत हे वडिलांच्या ध्यानात आलं होतं, म्हणून त्याला तेलुगू शाळेत घातलं. त्यामुळे एकाच घरात एकच कॉमिक मी हिंदीत वाचायची आणि तो तेलुगूत. बसस्टँडजवळच्या एका दुकानात ती भाड्याने मिळत. दुकानदार फाटलेले अंक फेकत नसे. दोन-तीन अंक एकत्र करून तो ते दाभणाने शिवायचा आणि वर खाकी कागद चिकटवायचा.

आमच्या आवडत्या नायकाच्या कपाळावर दिवा होता, मंचेरियलच्या खाणकामगारांच्या टोपीवर असतो तसा. पण भावाचा जीव त्याच्या जोडीदारावर होता. तो मुलगा गळ्यात शिट्टी घालून नायकाच्या मागे मागे असायचा आणि धोका दिसला की वाजवायचा.

हा मुलगा नायकाला कसा मिळाला, यावर आमचं भांडण झालं. माझ्या हिंदी अंकात त्याचे आईबाप पुरात गेले होते आणि नायकाने त्याला पुलाखालून ओढून काढलं होतं. भावाच्या तेलुगू अंकात तो नायकाचा सख्खा भाचा होता आणि बहिणीने त्याला स्वतःहून भावाच्या हाती सोपवलं होतं.

“तुह्या पुस्तकात खोटं हाय, ताई,” तो म्हणाला.

“आणि तुझ्या कशावरून खरं?”

वडील पलंगावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. जमिनीच्या तंट्यात लोकांचे जबाब लिहून घेण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते म्हणाले, “खरं-खोटं मंग पाहू. आदी लिहा. कोण सांगून राह्यलं, ते कुठं उभं होतं, तिथून त्याले काय दिसत होतं.”

भावाने लगेच वहीत तीन रकाने पाडले. पुराची गोष्ट अंकात एक म्हातारा कोळी सांगतो. तो काठावर होता, त्याला फक्त शेवट दिसला. भाच्याची गोष्ट खुद्द नायक सांगतो. प्रत्येक जबाबाखाली भाऊ वडिलांसारखं लिहायचा: ‘वाचून दाखवला, बरोबर आहे.’

पुढे तिसरी गोष्ट निघाली. दुकानातल्या एका शिवलेल्या गठ्ठ्यात तुरुंगातला दरोडेखोर सांगतो की तो मुलगा आपलाच. भाऊ दोन दिवस नीट जेवला नाही. मग एका दुपारी त्याने सगळं जुळवलं. नायकाची बहीण दरोडेखोराला दिलेली होती. पूर आला तेव्हा तिने बुडता बुडता मूल नायकाच्या हाती दिलं. कोळ्याने एवढंच पाहिलं आणि बापही बुडाला असं धरलं. तिघंही खरं बोलत होते.

“पण त्या पोराले कोणीच विचारून नाही राह्यलं,” तो म्हणाला. “त्याचा जबाबच नाही.”

गठ्ठा परत करायला मी गेले. वाटेत चाळताना दिसलं, की दरोडेखोराची चार पानं जास्त पिवळी होती आणि त्यातल्या मुलाच्या गळ्यात शिट्टी नव्हती. दुकानदाराने दुसऱ्याच कॉमिकची पानं मध्ये शिवली होती. हे मी भावाला सांगितलं नाही. तो फार आनंदात होता. पुढे सांगू असं वाटलं, आणि राहून गेलं.

नव्वदीच्या दशकात तो शिक्षक झाला. इंद्रवेल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावात त्याची नेमणूक झाली. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला ताप आला आणि ताप डोक्यात गेला. जीपने आदिलाबादला आणताना वाटेतच तो गेला. तेवीस वर्षांचा होता.

आईने एकच गोष्ट विचारली. शेवटी त्याच्या तोंडात कोणी पाणी घातलं का? दुसरं काही तिला नको होतं.

मी विचारायला निघाले. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक जीपमध्ये त्याच्याजवळ होते. ते म्हणाले, “सकाळपासून शुद्ध नव्हती, बाई. अशा माणसाला पाणी दिलं तर ठसका लागतो. मी कुणाला देऊ दिलं नाही.” जीपवाला म्हणाला, “दोघांनी उचलून आणलं साहेबाले. ओढ्यावर मी गाडी थांबवली, इंजनात पाणी टाकाले. बाटली मागच्या सीटवर ठेवली. मंग पाहिलं तं त्यायच्या सदऱ्याची छाती ओली होती. दिलं का सांडलं, आपल्याले काय दिसते? मी बोनेटखाली होतो.” आणि ज्यांच्या घरी भावाची खोली होती त्या म्हाताऱ्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, “आपल्या पायानं चालत गेला वं. दारात थांबला, पाणी मांगतलं. म्या चमच्यानं पाजलं. काऊन रडतं?”

परत आल्यावर मी निळी वही काढली आणि तीन रकाने पाडले. कोण, कुठे उभं, काय दिसत होतं. बेशुद्ध माणूस चालत जात नाही. उचलून नेलेला माणूस दारात थांबून पाणी मागत नाही. म्हातारीचा जबाब कदाचित आदल्या दिवसाचा असेल. कदाचित तो सगळाच माझी समजूत घालण्यासाठी असेल. दोन दिवस मी ते तिन्ही एकमेकांना लावून पाहत होते. भावाने जुळवलं असतं. मला जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आईने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “दिलं.”

“कायनं?”

“चमच्यानं. अगदी शेवटी.”

वडील दारात उभे होते. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, “कोणी सांगितलं?”

“त्या म्हाताऱ्या बाईंनी.”

“त्या जीपमदी होत्या?”

जीपमध्ये कोण कोण होतं हे मुख्याध्यापकांनी वडिलांनाच आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. मी आईकडे पाहिलं. तिचा हात परातीतल्या पिठात थांबला होता.

“होत्या,” मी म्हणाले.

 वडील बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई पीठ मळू लागली. जरा वेळाने म्हणाली, “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. त्यानंतरही कितीतरी दिवस ती विचारायची आणि मी तेच सांगायची. आता आई नाही, वडीलही नाहीत. वहीत मी लिहिलेल्या तिन्ही जबाबांखाली ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ ही शेवटची ओळ लिहायची राहिली आहे. पेन हातात घेते आणि पुन्हा खाली ठेवते.